अकरा पावसाळे एकाच जागी उभा असलेला बी-२७५, इंजिन जाम, सुरुवात कुठून करू?

गोराईचा_वारा | ४ मे, रात्री १०:४७

मंडळी नमस्कार, इथे जुन्या गाड्यांवर बरंच बोलणं होतं पण ट्रॅक्टरचा धागा सापडला नाही म्हणून नवीन काढतोय. आमच्या गोराईच्या वाडीत आजोबांचा इंटरनॅशनल बी-२७५ उभा आहे, लाल रंगाचा, म्हणजे एकेकाळी लाल, आता विटकरी. हाच तो कांदिवलीत बनणारा मॉडेल, १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून जी कंपनी काढली त्यांचा. गंमत बघा, जन्म कांदिवलीचा आणि मुक्काम खाडीच्या पलीकडे, आमच्या गच्चीवरून कांदिवलीच्या बिल्डिंगा दिसतात.

आजोबा असताना भाताच्या चिखलणीला, मग ट्रॉलीला चालायचा. ते गेल्यावर कोणी हात लावला नाही. आता मला तो निदान सुरू तरी करायचाय, शेती वगैरे नाही करायची.

हालत अशी की इंजिन हाताने फिरवायचं हॅन्डल लावलं तर तसूभर हलत नाही. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावली तर सेल्फ नुसता 'टक्' करतो. क्लचचं पेडल खाली जातं पण क्लच सुटत नाही. उजवं मागचं चाक फिरतं, डावं अजिबात नाही. समुद्र पाचशे मीटरवर, त्यामुळे जिथे बघावं तिथे गंज. सायलेन्सर उभा आहे, आजी त्यावर डालड्याचा डबा उपडा घालून ठेवायची, ती गेल्यावर डबा कधी उडाला कोणाच्या लक्षात नाही.

मेकॅनिक इकडे यायला तयार नाही. एकाने फोनवर सांगितलं भंगारात द्या, बावीस हजार मिळतील.

---

घण_घ्या | ४ मे, रात्री ११:१५

एवढं काय त्यात, दुसरा ट्रॅक्टर लावा, टॉप गिअरमध्ये टाका, चेन बांधा आणि ओढा, सुटतो. आमच्या जुन्नरकडे असेच सोडवतात.

---

परळचा_फिटर | ५ मे, सकाळी ६:०२

सकाळी सकाळी हे वाचून चहा गरम लागेना. ओढू नका.

ओढल्यावर सुटणारे असतात तसे कनेक्टिंग रॉड वाकून ब्लॉकच्या बाहेर डोकावणारेही असतात. चाकाकडून ओढलं की गिअरांतून क्रँकवर जो जोर येतो त्याचा तुम्हाला हाताला पत्ताच लागत नाही. हॅन्डलने फिरवताना अडकलं की मनगटाला कळतं. चेनला काय कळतंय?

मी आधी लालबागच्या गिरणीत अप्रेंटिस होतो, ८२ च्या संपात ते संपलं, मग उरलेलं आयुष्य डिझेल इंजिनांत गेलं. आमचे वस्ताद जाम मशीन आलं की पहिला अर्धा तास पान्याला हातच लावू द्यायचे नाहीत. जाम म्हणजे नेमकं काय जाम, ते आधी.

तर गोराईकर, तुमचं इंजिन जाम आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? हॅन्डल फिरत नाही एवढंच ना. हॅन्डल न फिरायला बरीच कारणं असतात. सेल्फचं पिनियन, म्हणजे त्याचा छोटा गिअर, फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) दातात अडकून बसलं असेल तरी असंच होतं, पाण्याचा पंप धरला असेल आणि बेल्ट टाईट असेल तरी. सिलेंडरमध्ये पाणी भरलं असेल तरी, पाणी दाबलं जात नाही हो. व्हॉल्व्ह गाईडमध्ये धरला असेल, आणि शेवटी पिस्टनच्या रिंगा लाईनरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळीला, चिकटल्या असतील.

म्हणून पहिल्यांदा बेल्ट काढा, मग सेल्फ पूर्ण बाहेर काढा, मग हॅन्डल लावून बघा. ऑईल चेंबरचा खालचा नट एकदम काढू नका, दोन आटे सैल करून थांबा. पाणी तेलाच्या खाली बसतं, असेल तर आधी तेच येईल. किती येतं ते डब्यात मोजा. मग वरचं टॅपेट कव्हर काढून कुठले व्हॉल्व्ह दबलेले आहेत ते लिहून ठेवा, फोटो पण टाका.

आणि तुम्ही सेल्फ मारला होता तो आता पुन्हा मारू नका.

---

कुर्ल्याची_गोटी | ५ मे, दुपारी १:३०

काकांशी सहमत. पान्यांचं बघा आधी. हा मूळ इंग्लंडचा डिझाईन, त्यामुळे बोल्ट इंची, मिलिमीटरचे पाने घेऊन बसलात तर डोकी गोल कराल. चार सूती नटाला १३ चा पाना जातो पण ढिला बसतो आणि गंजलेला नट असला की तिथेच घसरतो. सहा सूतला १९ चालतो, पाच सूतला १६ चालतो, बाकी ठिकाणी लाड नकोत.

नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात जा, मस्जिद स्टेशनवरून चालत. सूतवाली गोटी (नटावर बसणारा सॉकेट पाना) सहा कोनी घ्या, बारा कोनी नको, बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. जुनी घेतलीत तरी चालेल, चोर बाजारात जुन्या इंग्लिश गोट्या अजून मिळतात फक्त आत चीर गेलीय का बघा.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. चार सूत म्हणजे अर्धा इंच.)

---

गोराईचा_वारा | ११ मे, रात्री ९:२०

पहिला रविवार झाला, हातांना अजून डिझेलचा वास येतोय आणि बायको वेगळ्या खोलीत.

काकांनी सांगितलं तसं सगळं त्याच क्रमाने केलं. बेल्ट काढला, पाण्याचा पंप आणि डायनमो दोन्ही हाताने फिरतात (पंप कुरकुरतो). सेल्फ बाहेर काढला, पिनियन मोकळं आहे, तरी हॅन्डल हलत नाही. चेंबरचा नट सैल केला तर आधी स्वच्छ पाणी, साधारण दीड तांब्या, मग काळं तेल. पाणी बघून पोटात गोळा आला.

टॅपेट कव्हर काढलं. रेडिएटरकडून मोजायला सुरुवात केली. एक नंबरचा इनटेक (हवा आत घेणारा) दबलेला म्हणजे उघडा, तीन नंबरचा एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) उघडा, दोन आणि चारचे सगळे बंद. तीन नंबरच्या एक्झॉस्टची स्प्रिंग तांबडी झालीय, बाकीच्या तेलकट काळ्या.

---

परळचा_फिटर | ११ मे, रात्री ९:५८

शाब्बास. तुमचा रोग सापडला, आणि तो रोग म्हणजे आजीचा डबा.

इंजिन ज्या दिवशी शेवटचं बंद झालं तेव्हा तीन नंबरचं पिस्टन एक्झॉस्टच्या फेरीत मध्यावर थांबलं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा. डबा उडाल्यावर उभ्या सायलेन्सरमधून पाऊस सरळ मॅनिफोल्डमध्ये, आणि तिथून जो एकच दरवाजा उघडा होता त्यातून तीन नंबरच्या सिलेंडरमध्ये. एक नंबरचाही व्हॉल्व्ह उघडा आहे पण तो इनटेकचा, त्याच्या तोंडावर एअर फिल्टर, तिकडून पाऊस येत नाही. दोन आणि चार बंद खोलीत. पाणी रिंगांवरून झिरपत चेंबरमध्ये उतरलं, तोच तुमचा दीड तांब्या.

म्हणजे तुमच्या चारपैकी तीन पिस्टन बहुतेक ठीक आहेत, एकाने सगळ्यांना धरून ठेवलंय. एकत्र कुटुंबात असतं तसं.

आता सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल काढा. ते सुद्धा अडकलेले असणार, पहारीने उचकटू नका, तेल सोडून आधी पान्याने डावी-उजवी हलकी पीळ द्या मग वर येतात. डिझेलच्या पायपांची तोंडं लगेच प्लास्टिकने बांधा, पंपात कचरा गेला तर तो खर्च ट्रॅक्टरपेक्षा मोठा. मग चारही भोकांतून तेल सोडा, आणि आठ दिवस विसरा.

---

लिंबूफूल | १२ मे, सकाळी ११:०५

कुठलं तेल सोडायचं यावर वाद व्हायच्या आधी मी बोलते, कॉलेजात केमिस्ट्री शिकवते म्हणून.

तेल गंज विरघळवत नाही. डिझेल, रॉकेल, महागडा स्प्रे, काहीच नाही. ते फक्त फटीत शिरतं आणि गंजाच्या कणांना ओलं करून घसरायला मदत करतं. म्हणून पातळ हवं आणि वेळ हवा. स्प्रेच्या डब्यावरचं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, तो मुळात त्यासाठीच बनवलेला. घरगुती मिश्रण चांगलं होतं ते पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं. ते दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, प्रत्येक वेळी बाटली हलवून घ्या, आणि ॲसिटोन रबरी सील आणि रंग दोन्ही खातं. विडी ओढणाऱ्याला जवळ उभं करू नका.

गंज खरंच काढायचा असेल तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, पण ते सुट्या पार्टला, इंजिनात ओतायला नाही.

---

चहाबाज | १२ मे, दुपारी ४:१२

कोल्ड्रिंक ओता, मी व्हिडिओ बघितलाय.

---

लिंबूफूल | १२ मे, दुपारी ४:४०

त्यात थोडंसं फॉस्फरिक ॲसिड असतं म्हणून चालतं, पण मग साखरेचा चिकटा धुवायला दुसरा दिवस. लिंबूफूल त्यापेक्षा स्वस्त आहे. कोल्ड्रिंक तुम्ही प्या.

---

गोराईचा_वारा | २५ मे, रात्री ११:३३

दोन रविवार एकदम लिहितोय. नोझल १, २, ४ निघाले, ३ ला चार दिवस लागले. तेल सोडून ठेवलं, रोज संध्याकाळी ऑफिसवरून बोरिवलीच्या जेट्टीवर पळत येऊन शेवटच्या बोटींपैकी एक पकडायची आणि हॅन्डलला एक धक्का द्यायचा. काही नाही. शेवटी काकांना विचारून हेड काढायचं ठरवलं.

आणि मग मी माती खाल्ली. हेडच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढत होतो, पाच नट निघाले, सहावा थोडा फिरला, मला वाटलं सुटला, जोरात आलो, पाईप घालून, आणि तो बटरसारखा मऊ होऊन फिरला. स्टड (नट बसतो ती आट्यांची दांडी) आतच तुटला, अर्धा सूत बाहेर दिसतोय. तुटका स्टड काढायचं ते इझी-आऊट मागवू का?

---

परळचा_फिटर | २६ मे, सकाळी ५:५०

'मऊ फिरला' म्हणजे स्टड पिळला जात होता, नट सुटत नव्हता. हे वाक्य कोणीतरी भिंतीवर लिहून ठेवा. गंजलेल्या नटाला सुटताना कर्र आवाज येतो, तो चांगला. आवाज न करता जो फिरतो तो दगा देतो. तिथे थांबायचं, पुन्हा थोडा आवळायचा, तेल, पुन्हा सोडायचा, पुन्हा आवळायचा. एक आटा पुढे अर्धा मागे.

इझी-आऊट नको. ते कडक पोलादाचं असतं, स्टडच्या आत तुटलं की त्याला ड्रिल लागत नाही आणि मग तुमच्याकडे दोन दुखणी. तुटलेल्या टोकावर एक मोठा नट ठेवा आणि वेल्डिंगवाल्याकडून नटाच्या भोकातून स्टडला टाका मारून घ्या. टाका मारल्यावर लालपणा गेला की मेणबत्ती टेकवा, मेण वितळून आट्यांत खेचलं जातं. मग हळू पान्याने. वेल्डिंगची उष्णता हे खरं औषध, ती आतून गंजाचा बंध मोडते. पहिला नट तुटून येईल, दुसरा पण, निराश होऊ नका.

वेल्डिंगच्या आधी डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवायची, बॅटरीच्या वायरी काढायच्या. आणि तो ब्रेक साफ करायचा स्प्रे ज्यावर मारलाय तिथे आग लावायची नाही, क्लोरीनवाला असला तर विषारी वायू होतो.

---

लिंबूफूल | २६ मे, सकाळी ९:१४

फॉस्जीन. काका बरोबर आहेत. शंभर टक्के.

---

कुर्ल्याची_गोटी | २६ मे, सकाळी १०:२०

आणखी एक, चाकाचे नट जाम असतील तर रिमला गॅसची ज्योत कधीच लावू नका टायर चढलेलं असताना. हवा सोडली असेल तरी नाही. आतला रबर तापून गॅस होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. माणसं गेलीत अशाने.

---

गोराईचा_वारा | ८ जून, रात्री १०:१०

वेल्डिंगवाला उत्तनच्या बाजूने रस्त्याने आला, मशीन टेम्पोत घालून. पहिला नट तुटला. दुसरा तुटला. तिसरा नट, मेणबत्ती, आणि कर्र! आई शप्पथ तो आवाज मी रिंगटोन लावणार आहे.

हेड स्टडवर बसलं होतं, दोन दिवस स्टडच्या कडेने तेल सोडून, बाभळीचा ठोकळा लावून चारी बाजूंनी ठोकत ठोकत उचललं. आत काकांनी सांगितलं होतं ते फोटोसारखं. एक, दोन, चार नंबरचे बोअर चकचकीत, हात फिरवला तर गुळगुळीत. तीन नंबरमध्ये पिस्टनच्या वर चिखलाच्या रंगाचा खरबरीत पट्टा.

मग ब्रेकचं. बी-२७५ ला ड्रम नाही, डिस्क ब्रेक आहेत, दोन प्लेटांच्या मध्ये खाचांत स्टीलच्या गोळ्या, पेडल दाबलं की प्लेटा फिरतात आणि गोळ्या खाचांवर चढून त्यांना लांब ढकलतात. डावीकडच्या प्लेटा एकमेकींना चिकटून एकच चकती झाली होती, गोळ्या आत गंजून बसलेल्या. म्हणून चाक धरलेलं. लिंबूफूल ताई, या प्लेटांना लिंबूफूल की बॅटरी चार्जर लावून गंज काढतात ते चार्जरवालं?

---

लिंबूफूल | ९ जून, दुपारी १२:३०

प्लेटांना चार्जरवालं करा, ते आधीचं चांगलं लोखंड खात नाही. प्लास्टिकची बादली, पाणी, लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची काळी वायर तुमच्या पार्टला, लाल वायर भंगाराच्या लोखंडी पट्टीला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. उलटं जोडलंत तर तुमचाच पार्ट विरघळेल, म्हणून दोनदा बघा. लाल बाजूला स्टेनलेस स्टील वापरू नका, घरातला जुना चमचा पण नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात येतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, उघड्यावर करा. ॲल्युमिनियमचं काहीही त्यात टाकू नका.

आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग, गोळ्या, असलं कडक पोलाद यात घालायचं नाही, हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतं. गोळ्या नवीन घ्या. लायनिंगची धूळ असेल तर फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसा.

---

परळचा_फिटर | ९ जून, संध्याकाळी ७:१५

पिस्टनचं सांगतो. वरचा गंजाचा पट्टा आधी बारीक पॉलिश पेपरने तेलात भिजवून साफ करा, कण फडक्याने टिपून घ्या. पट्टा तसाच ठेवून पिस्टन वर आणायला गेलात तर रिंग त्यात रुतेल आणि तुटेल. म्हणून पहिली हालचाल खाली. पिस्टनच्या डोक्याएवढा गोल लाकडी ठोकळा करा, कडा पिस्टनच्या कडेपर्यंत पोचल्या पाहिजेत, नाहीतर मधोमध मार बसून पिस्टन फुटेल. तीन पौंडी हातोडी. मारायचं नाही, ठोकायचं, दाराची कडी वाजवतात तसं. दहा ठोके, तेल, चहा. एकाने त्याच वेळी सेल्फच्या भोकातून फ्लायव्हीलच्या दातांना पहारीने हलका ताण द्यायचा, दोन्ही दिशांना आलटून पालटून.

पुश रॉड सगळे काढून ठेवा, नंबर घालून.

---

गोराईचा_वारा | १५ जून, दुपारी ३:०२

हलला!!! दोन सूत!!!

पाऊस सुरू झालाय, शेडवर पत्र्याचा आवाज, भाऊ पहारीवर आणि मी ठोकळ्यावर, सकाळी नऊपासून. अडीच वाजता भाऊ म्हणाला, दात पुढे गेला. मी म्हटलं पहार घसरली असेल. खडूची खूण केली, परत ठोकलं, खूण सरकली. भाऊ रडायला लागला, काय बोलू.

---

घण_घ्या | १५ जून, दुपारी ३:२०

🙏 मानलं

---

गोराईचा_वारा | २३ जून, रात्री ९:४५

आता पूर्ण फेरा फिरतो, दोन हातांनी. तीन नंबरचा लाईनर मात्र खड्डे पडलेला आहे, नखाला लागतात. तसंच चालवू का?

---

परळचा_फिटर | २३ जून, रात्री १०:०५

नखाला लागतं म्हणजे रिंगा त्यावर महिनाभरात खलास. सुरू होईल, निळा धूर देईल आणि चेंबरमध्ये डिझेल उतरवेल. लाईनर-पिस्टन बदला. चार आहेत म्हणून चारही टाका असं दुकानदार म्हणेल, तुम्ही आधी बाकी तीन बोअर मोजून घ्या. चेंबर पूर्ण उतरवून खालचा गाळ साफ करा, आणि बेअरिंगच्या टोप्या एकेक काढून बघा, तिथे पाणी बसलं असेल तर क्रँकवर डाग दिसतात.

क्लच सुटला का?

---

गोराईचा_वारा | २३ जून, रात्री १०:३१

नाही. पेडल खाली जातं पण प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेलीच.

---

परळचा_फिटर | २३ जून, रात्री १०:४४

पेडल पूर्ण खाली दाबा, लाकडाची दांडी सीटच्या पायाला अडकवून तसंच राहू द्या, दोन-तीन दिवस. इंजिन मोकळं झालंय, मग ते मागाहून सुरू होईल तेव्हा गरम झाल्यावर बऱ्याचदा आपोआप सुटतं. घाई असेल तर मीच येतो या रविवारी, लायनिंग गेली असेल तर ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागेल आणि ते एकट्याने करायचं काम नाही, मधली जॅकची जागा चुकली तर अर्धा ट्रॅक्टर पायावर. बोट किती वाजता असते बोरिवलीहून?

---

गोराईचा_वारा | २३ जून, रात्री १०:५०

काका, तुम्ही फक्त जेट्टीवर या, मी पलीकडे बाईक घेऊन उभा असेन. जेवायला बोंबील की सुरमई ते सांगा.

---

परळचा_फिटर | २३ जून, रात्री १०:५८

बोंबील. आणि चहात साखर नको.

---

घण_घ्या | २३ जून, रात्री ११:०३

मग आता तरी ओढून बघायला हरकत नाही ना?

---

परळचा_फिटर | २४ जून, सकाळी ५:४१

ब्रेक लागतात का ते आधी विचारा त्यांना.

---

गोराईचा_वारा | २४ जून, सकाळी ८:१२

उजवा लागतो. डाव्याच्या गोळ्या अजून नागदेवीला आहेत.